कुवेतहून आलेली तीनचाकी रस्त्यावर आणता येईल का?

प्रश्न : माझे मामा कुवेतला होते. १९८६ साली परत येताना त्यांनी सामानाबरोबर होंडाची तीनचाकी आणली. एटीसी २००ई, जिला 'बिग रेड' म्हणतात ती. वाळवंटात चालवायची गाडी. कित्येक वर्षं ती घरामागच्या शेडमध्ये पडून होती. यंदा मी कार्बोरेटर साफ केला, चेन आणि टायर बदलले आणि ती चालू झाली. आमचं घर रस्त्याच्या एका बाजूला, काजूची बागायत दुसऱ्या बाजूला डोंगरावर. मधे फार तर अर्धा किलोमीटर डांबरी रस्ता. ब्रेकलाइट, इंडिकेटर, हॉर्न, आरसे बसवले तर पासिंग होईल का? अमेरिकेतले लोक असं किट लावून नंबर घेतात, त्याचे व्हिडिओ मी पाहिलेत. ओळखीचा एक एजंट म्हणतो, भंगारात गेलेल्या रिक्षाचं आरसी लावून देतो. गावात कुणी म्हणतं, पंचायतीचा दाखला घेतला की पुरे. माझ्या धाकट्या भावाचा एक पाय लहानपणापासून अधू आहे, दुचाकीवर तोल राहत नाही. तीन चाकांवर त्याला फिरता येईल, ही आमची मोठी आशा. आणि सोळा वर्षांच्या भाच्याला ती एकदा मोरजीच्या वाळूवर न्यायची आहे. काय करू?
— एक वाचक, सत्तरी

उत्तर :

नमस्कार. पासिंग होणार नाही. चाळीस वर्षांची बंद गाडी स्वतःच्या हातानं चालू करणाऱ्या माणसाला हे सांगताना वाईट वाटतं, पण तुम्ही दिव्यांवर आणि एजंटवर पैसे घालण्याआधी ते कळलेलं बरं. मात्र तुमच्या पत्रात चार-पाच प्रश्न एकत्र आलेत आणि सगळ्यांचं उत्तर 'नाही' असं नाही. गाडी तुम्हाला चालवता येईल, फक्त रस्त्यावर नाही. आणि भावासाठी तर चांगला कायदेशीर मार्ग आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

दिवे, हॉर्न, आरसे लागले की गाडी रस्त्यायोग्य झाली, असं वाटणं साहजिक आहे. आरटीओत निरीक्षक गाडीभोवती फिरून तेच बघताना दिसतो. पण तो शेवटचा टप्पा. त्याच्या कितीतरी आधी, गाडी कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वीच, खरा निर्णय झालेला असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२६ प्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मॉडेलचा नमुना कंपनीला सरकारमान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई, मानेसरची आयकॅट या त्यांतल्या काही संस्था. ब्रेक, दिवे, धूर, आवाज असं सगळं तपासून मान्यता मिळते ती मॉडेलला. मग त्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीबरोबर कंपनी फॉर्म २२ देते, की ही गाडी मान्यतेबरहुकूम बनवली आहे. नोंदणीचा अर्ज म्हणजे फॉर्म २०. त्याला विक्रीचा दाखला म्हणून फॉर्म २१, हा फॉर्म २२ आणि विम्याचा कागद जोडावा लागतो. गाडी परदेशातून आलेली असेल तर कस्टम्सचा कागदही लागतो. कस्टम्सची पावती मामांच्या ट्रंकेत सापडेलही एखाद वेळी. फॉर्म २२ मात्र कुठेच सापडणार नाही, कारण होंडानं ही गाडी डांबरी रस्त्यासाठी बनवलीच नव्हती आणि भारतात तिला कधी मान्यता घेतली नाही. एकट्या मालकानं आपल्या एका जुन्या गाडीसाठी ही सगळी चाचणी उभी करणं व्यवहारात शक्य नाही. केली तरी १९८०च्या दशकातलं १९२ सीसीचं कार्बोरेटरचं इंजिन आजच्या बीएस-६ या धुराच्या मानकात बसणार नाही.

आता लोक तुम्हाला पळवाटा सांगतील, त्याही बघून टाकू. 'जुनी आहे ना, मग व्हिंटेजमध्ये घाल.' व्हिंटेज गाड्यांचे नियम २०२१ साली आले. ते फक्त दुचाकी आणि चारचाकींना लागू आहेत, आणि त्यांत पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं मोजतात. तुमच्या गाडीला तीन चाकं, आणि नोंदणी तर कधी झालेलीच नाही. 'परदेशातून वापरलेली गाडी आणली म्हणून दाखव.' वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही. 'मॉडिफिकेशनची परवानगी घे.' मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ नोंदणी झालेल्या गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि तिथंही जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत.

तुम्ही पाहिलेले व्हिडिओ खोटे नाहीत. अमेरिकेत गाडीची नोंदणी त्या त्या राज्याकडे असते. ॲरिझोना, मोंटाना अशा काही राज्यांत मातीवर चालणाऱ्या चारचाकी एटीव्हीला दिवे, आरसा, हॉर्न लावून मालक स्वतः नंबर घेऊ शकतो. आपल्याकडे कायदा आणि नियम केंद्राचे. पणजीच्या किंवा डिचोलीच्या अधिकाऱ्याच्या मनात कितीही आलं तरी त्याला तो नंबर देता येत नाही. भारतात अशा गाड्या रस्त्यावर आणायचा मार्ग कंपनीच्या हातात आहे, हे पोलारिसच्या उदाहरणावरून दिसतं. त्यांनी स्पोर्ट्समन ५७० हे चारचाकी मॉडेल शेतीचा ट्रॅक्टर म्हणून मान्यता घेऊन बाजारात आणलं. ज्यानं ते मॉडेल घेतलं त्याला नंबर मिळाला. त्याच कंपनीची दुसरी एटीव्ही हौसेनं घेऊन तिला इंडिकेटर लावणाऱ्याला मिळाला नाही.

कागदांपेक्षा मला तुमच्याशी या गाडीच्या स्वभावाबद्दल जास्त बोलायचं आहे. समजा उद्या नियम बदलले आणि नंबर मिळाला, तरी ही गाडी तुम्ही डांबरावर नेऊ नये असं माझं ठाम मत आहे. तीन चाकं म्हणजे रिक्षासारखी स्थिर, असं आपण सहज धरून चालतो. पण रिक्षाच्या मागच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि डिफरन्शियलमुळे ते आतल्या चाकापेक्षा वेगानं फिरू शकतं. तुमच्या बिग रेडमध्ये मागची दोन्ही चाकं एकाच अखंड एक्सलवर घट्ट बसवलेली आहेत, दोन्ही सारखीच फिरणार. वाळूत, सैल मातीत याचा त्रास होत नाही, कारण आतलं चाक थोडं घसरतं आणि गाडी वळते. डांबरावर चाक घसरत नाही. मग हँडल वळवलं तरी गाडी सरळ जाऊ पाहते. तुम्ही आणखी वळवता, वेग असेल तर आतलं चाक उचलतं आणि गाडी बाहेरच्या बाजूला उलटते. मोटारसायकलसारखी ती स्वतः आत झुकत नाही आणि रिक्षासारखी रुंदही नाही. वळताना अंग आतल्या बाजूला टाकून, बाहेरच्या पायावर भार देऊन तिला वळवावं लागतं. हे अंगवळणी पडेपर्यंत प्रत्येक वळण धोक्याचं असतं.

टायरही बघा. त्या फुग्यासारख्या टायरमध्ये दोन-तीन पीएसआय हवा असते. मोटारसायकलच्या टायरमध्ये तीसच्या आसपास. मागे सस्पेन्शन नाही, त्या मऊ टायरांनीच धक्के खायचे, अशी रचना आहे. डांबरावर वेगात हे टायर गाडीला उड्या मारायला लावतात, आणि एकदा लय बिघडली की हँडल हातात राहत नाही. या जातीच्या टायरच्या बाजूला, ते हमरस्त्यावर वापरू नयेत असं इंग्रजीत छापलेलं असतं. तुम्ही बदललेल्या टायरवर सापडतं का पाहा. पेट्रोल पंपावरच्या हवेच्या नळीनं ते भरू नका. तिचा काटा इतका कमी दाब नीट दाखवत नाही आणि क्षणात टायर प्रमाणाबाहेर फुगतो. कमी दाबाचा गेज वेगळा मिळतो, तो घ्या, हातपंप वापरा आणि दोन्ही मागच्या टायरांत अगदी सारखी हवा ठेवा. थोडा फरक असला तरी गाडी एका अंगाला ओढते.

या गाड्यांचं पुढे काय झालं, ते तुमच्या मामांना कदाचित माहीत नसेल. होंडानं पहिली तीनचाकी १९७०च्या सुमारास अमेरिकेत आणली आणि १९८०च्या दशकात तिथं त्यांचं पेव फुटलं. त्याबरोबर अपघातही वाढले. पाठीचे, डोक्याचे, आणि त्यांत मुलं फार. शेवटी १९८८ साली तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगानं होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलारिस यांच्याशी न्यायालयात तडजोडनामा केला आणि नव्या तीनचाकींची विक्री थांबली. २००८च्या कायद्यानं तर नवी तीनचाकी एटीव्ही तिथं आणणं आणि विकणंच बंद केलं. जिथं मैलच्या मैल मोकळी जमीन आहे, तिथं मातीवरसुद्धा ज्या गाडीबद्दल हा निर्णय घ्यावा लागला, ती आपल्या वळणावळणाच्या, समोरून कदंबाची बस आणि मागून टिपर येणाऱ्या रस्त्यावर नेऊ नका. अर्धा किलोमीटरसुद्धा नको.

आता एजंट. हे मी जरा कडक शब्दांत सांगतो, रागावू नका. त्याच्या नादी अजिबात लागू नका. रिक्षाचं आरसी तुमच्या गाडीला लावायचं म्हणजे रिक्षाचा चेसिस नंबर तुमच्या गाडीवर ठोकायचा किंवा आहे तो घासायचा. ही किरकोळ दंडाची गोष्ट नाही. भारतीय न्याय संहितेप्रमाणे बनावट दस्तऐवजाचा आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि तो गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर, म्हणजे तुमच्यावर. एजंटचं नाव कागदावर कुठेच नसेल. भंगारात गेलेल्या गाडीचं आरसी मुळात परत करायचं असतं, ते बाजारात फिरतंय हेच चुकीचं. शिवाय रिक्षा हे प्रवासी वाहन, तिला परमिट, फिटनेस, आसनसंख्या, रंग, सगळं 'वाहन' या सरकारी संगणक प्रणालीत नोंदलेलं. रस्त्यावर उभा असलेला पोलीस मोबाइलवर नंबर टाकतो आणि समोर पिवळी-काळी रिक्षा दिसते. मामांची आठवण असलेली ती गाडी मग मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात पावसात गंजत राहील. एजंटला पैसे दिले असतील तर मागून घ्या, नाही मिळाले तर सोडून द्या, पण गाडीचे नंबर किंवा फोटो त्याच्याकडे आणखी देऊ नका.

पंचायतीच्या दाखल्याचा इथं काही उपयोग नाही. पंचायत घर नंबर देते, व्यवसायाचा परवाना देते. गाडीला रस्त्यावर येऊ देण्याचा अधिकार तिला कुणी दिलेला नाही.

आणि 'अर्ध्या किलोमीटरला कोण अडवतंय?' असं तुमच्या मनात असेल, तर खरं आहे, कदाचित वर्षभर कुणीच अडवणार नाही. कायद्यात नोंदणीशिवाय गाडी चालवल्याबद्दल पहिल्या वेळी दोन ते पाच हजार रुपये दंड आहे. विमा नसल्याबद्दल दोन हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे आकडे माणसाला घाबरवत नाहीत. मला भीती वाटते ती वेगळ्या आकड्याची. समजा त्या अर्ध्या किलोमीटरात वळणावर गाडी सरळ गेली आणि समोरून स्कूटरवर येणाऱ्या माणसाला लागली. बत्तीस वर्षांचा, स्वतःचा छोटा धंदा, महिना पंचवीस हजार कमाई, घरी बायको आणि दोन मुलं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई कशी मोजतं ते सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांनी ठरवून दिलंय. वर्षाचं उत्पन्न तीन लाख, त्यात भविष्यातल्या वाढीचे चाळीस टक्के धरून चार लाख वीस हजार. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा तिसरा हिस्सा वजा केला की दोन लाख ऐंशी हजार. त्या वयाला गुणक सोळा. झाले चव्वेचाळीस लाख ऐंशी हजार, वर अंत्यसंस्कार वगैरेंचे आणखी. थर्ड पार्टी विमा असता तर कंपनीनं भरले असते. नोंदणी नसलेल्या गाडीला तो विमा मिळत नाही, म्हणून ते तुमच्या नावावर आणि पर्यायानं तुमच्या बागायतीवर येणार. आणि त्या घरातला माणूस गेलेला असणार, त्याची भरपाई कुठल्याच गुणकानं होत नाही.

मग गाडी चालवायची कुठे? तुमच्या स्वतःच्या डोंगरावर, आणि तिथं ती खरंच छान चालेल. फक्त आवारात वापरायच्या खास वाहनाला कायद्याच्या व्याख्येतूनच वगळलं आहे, त्यामुळे स्वतःच्या बंदिस्त जमिनीत नोंदणी लागत नाही. पण 'स्वतःची जमीन' या शब्दांवर थोडं थांबा. कायद्यात 'सार्वजनिक जागा' म्हणजे फक्त सरकारी रस्ता असं नाही. लोकांना जिथून जायचा हक्क आहे अशी कुठलीही वाट त्यात येते. आपल्या गोव्यात हे फार महत्त्वाचं आहे, कारण भाटात, बागायतीत, कोमुनिदादीच्या, म्हणजे गावसंस्थेच्या, जमिनीत पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटा आहेत. देवळाची वाट, झरीची वाट, मुंडकारांच्या घराची वाट, पलीकडच्या वाड्यावर जाणारी पाऊलवाट. जमीन तुमच्या नावावर, पण त्या वाटेवर गावाचा हक्क. तिथं एखादी आजी डोक्यावर लाकडं घेऊन येत असते आणि तिला या गाडीची कल्पनाही नसते. म्हणून आधी एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा, उतारा काढा, त्यातला 'इतर हक्क' हा रकाना वाचा आणि सर्व्हे प्लॅनवर पाऊलवाटा दाखवल्यात का बघा. प्लॅनवर नसलेली पण रोज वापरातली वाट असेल तर तीही सोडा. तुमच्या तालुक्यात म्हादई अभयारण्याची हद्द अनेक बागायतींना लागून जाते. १९९९ पासूनचं हे अभयारण्य दोनशेआठ चौरस किलोमीटरचं आहे आणि जमिनीवर त्याची रेघ दिसत नाही. परवानगीशिवाय आत गाडी नेणं हा वन्यजीव कायद्याखालचा गुन्हा. वनखात्याच्या माणसाला बोलावून हद्दीचे दगड एकदा पाहून घ्या.

मधल्या अर्ध्या किलोमीटरचा उपाय सोपा आहे. गाडी घरी ठेवूच नका. तुमच्या काजूच्या डोंगरावर मांगर, म्हणजे बागेतली खोप, असेलच. नसला तर चार पत्र्यांची शेड उभारायला फार खर्च नाही. बिग रेड तिथं राहू दे, तुम्ही स्कूटरनं रस्ता ओलांडून वर जा, तिथून ती काढा. पहिल्यांदा वर न्यायला आणि पुढे दुरुस्तीला खाली आणायला छोटा पिकअप बोलवा, दोन मजबूत फळ्या लावून चढवा, गिअरमध्ये ठेवून चारही बाजूंनी दोरीनं बांधा. स्कूटरमागे दोरी लावून ओढत नेऊ नका. ओढत नेली तरी ती रस्त्यावर फिरतेच. मार्च ते मे, बोंडू म्हणजे काजूची फळं वेचायच्या दिवसांत, झाडाखालून भट्टीपर्यंत बोंडूंचे डबे न्यायला पुढच्या-मागच्या कॅरिअरचा मोठा आधार होईल. माझ्या मते या गाडीचं यापेक्षा चांगलं काम दुसरं नाही. काजूच्या बिया रस्त्यानं बाजारात न्यायला मात्र नोंदणी झालेला मालवाहू तीनचाकी टेम्पो घ्या, किंवा भाड्यानं.

वर चालवतानाचे काही नियम घरात सगळ्यांना पाठ असू द्या. गाडीवर एकच माणूस, मागच्या कॅरिअरवर कुणीही बसायचं नाही. हेल्मेट आणि घोट्याच्या वर येणारे बूट, उन्हाळ्यातसुद्धा. गाडी कलली की मोटारसायकलच्या सवयीनं पाय जमिनीला टेकवू नका, कारण मागचं चाक त्याच पायावरून जातं आणि गुडघ्याखालचं हाड मोडतं. या गाड्यांची ही सगळ्यात ठरलेली दुखापत. उतारावर आडवं जाणं टाळा, सरळ चढा, सरळ उतरा. आपल्याकडची जांभ्याची बारीक खडी आणि वर पडलेला काजूचा पाला, हे मिश्रण तेलासारखं निसरडं असतं. पावसाळ्यात चार महिने गाडी आतच राहू दे. बागेत कामाला येणाऱ्या माणसांच्या हाती ती देऊ नका. त्यांना काही झालं तर जबाबदारी तुमची.

भाच्याला नाही सांगा, आणि कारणासकट सांगा, म्हणजे तो चोरून नेणार नाही. सोळाव्या वर्षी मिळतं ते लायसन्स पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीचं. अल्पवयीन मुलानं रस्त्यावर गाडी चालवली तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. मोरजीचा विचार तर डोक्यातूनच काढा. गोव्याच्या किनाऱ्यांवर गाडी नेणं बंद आहे, पर्यटनस्थळांच्या रक्षणासाठी २००१ चा वेगळा कायदा आहे, आणि वाळूवर जीप घालणाऱ्या पर्यटकांवर पोलीस गुन्हे नोंदवतात ते आपण पेपरात वाचतोच. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथं हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. त्या फुगीर टायरखाली घरटं गेलं तर चालवणाऱ्याला कळणारसुद्धा नाही. हे भाच्याला दाखवा. हंगामात वनखात्याची माणसं घरट्यांना कुंपण घालून राखण करतात, ते बघायला त्याला घेऊन जा.

आता तुमचा भाऊ. पत्रात त्याच्याबद्दल दोनच वाक्यं आहेत, पण मला वाटतं हा सगळा खटाटोप बऱ्याच अंशी त्याच्यासाठी आहे. तर आधी हे ऐका की ही गाडी त्याच्यासाठी अगदीच चुकीची आहे. गिअर पायानं बदलायचा, आणि वळताना बाहेरच्या पायावर भार टाकायचा. ज्याचा एक पाय अधू, त्याला एका बाजूचं वळण घेताच येणार नाही. तीन चाकं आहेत एवढ्यावर तिच्यावर विश्वास ठेवू नका, मांगराभोवतीसुद्धा त्याला ती देऊ नका.

त्याच्यासाठी कायद्यानं वेगळं दार ठेवलं आहे. जे कलम ५२ तुमच्या बिग रेडला मदत करत नाही, तेच दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत बदल करायला परवानगी देतं. २०१९च्या दुरुस्तीत अशा गाडीची वेगळी व्याख्याच आली. त्या व्यक्तीनं किंवा तिच्यासाठीच वापरायची, तिच्या गरजेप्रमाणे बनवलेली किंवा बदललेली गाडी. व्यवहारात याचा अर्थ साधी बिनगिअरची स्कूटर, मागे दोन्ही बाजूंना आधाराची चाकं, लागला तर हातानं दाबायचा जादा ब्रेक. अशा स्कूटर तुम्ही म्हापशात, फोंड्यात चालताना नक्की पाहिल्या असतील. त्यांना नंबर असतो, विमा असतो, चालवणाऱ्याकडे लायसन्स असतं.

क्रम चुकवू नका, कारण लोक आधी चाकं बसवून मग आरटीओत जातात आणि अडकतात. पहिल्यांदा भावाचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. असेल तर ते चालू आहे का बघा. मग आरटीओत जाऊन त्याच्या पायाची स्थिती सांगून कुठला बदल मान्य होईल ते विचारा. स्कूटर नवीन घेणार असाल तर ती त्याच्याच नावावर घ्या. नोंदणीच्या फॉर्म २० मध्ये मालकीच्या प्रकारात 'दिव्यांगजन' हा पर्याय २०२० पासून आहे, विक्रेत्याला तो भरायला लावा. चाकांचं किट मान्यता असलेलंच घ्या आणि त्याच्या मान्यतेच्या कागदाची प्रत मागा. गावातल्या वेल्डिंगवाल्याचं काम कितीही पक्कं असलं तरी इथं नको. परवानगी, मग बदल, मग तपासणी, मग आरसीवर नोंद, आणि विमा कंपनीला त्या नोंदीची प्रत. लायसन्सही तशाच बदललेल्या गाडीचं. आधी शिकाऊ, मग त्याच स्कूटरवर परीक्षा. ही स्कूटरही वळणावर झुकत नाही, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे मोकळ्या मैदानात, वेग कमी ठेवून, तुम्ही बाजूला उभे राहून सराव करून घ्या.

तुमच्या पत्रात भावाचं वय नाही आणि कुठला पाय अधू ते नाही. जादा ब्रेक कुठल्या हाताला हवा ते त्यावर ठरेल, तेव्हा आरटीओत जाताना त्यालाच बरोबर न्या आणि बोलू द्या.